दोन वर्षांत काय काय बसतं?

(सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त अमडापूर येथे भरलेल्या माता-पालक व विद्यार्थिनी मेळाव्यात आमच्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो, आयांनो, शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या मुलींनो, तुम्ही आधी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि आजचं बोलणं मुख्यतः तुमच्याशीच आहे.

मला विषय दिला आहे ‘मुलींचं उच्च शिक्षण’. हा विषय फार मोठा आहे आणि त्यावर सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून दरवर्षी भाषणं होतात. मी त्यातला एक लहानसा तुकडा घेणार आहे. शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होतं? मुलगी शाळेत असतानाच तिला कॉलेजचं थोडं शिक्षण पदरात पाडून घेता येईल का? ऐकायला हा प्रश्न शहरातल्या हुशार मुलांचा वाटतो. माझं म्हणणं असं, की त्याची खरी गरज अमडापूरच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलींना आहे. का, ते सांगते.

आधी शब्दाचा घोळ पाहू. अकरावी म्हणजे शाळा की कॉलेज? आपण सगळे ‘कॉलेज’ म्हणतो. बोर्ड ‘उच्च माध्यमिक’ म्हणतं, म्हणजे शाळाच. परीक्षा अमरावतीचं विभागीय मंडळ घेतं, विद्यापीठाचा तिच्याशी काही संबंध नाही. पण कित्येक गावांत हायस्कुलाच्याच आवारात, त्याच पटांगणावर, कधी त्याच बाकांवर अकरावी-बारावीचे वर्ग भरतात आणि फाटकावर पाटी असते ‘विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय’. एकाच फाटकातून पाचवीतली धाकटी शाळेत जाते आणि तिची मोठी बहीण कॉलेजात जाते.

हे असं का झालं? गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा. त्यांच्या वेळी मॅट्रिक अकरावीला असे. मॅट्रिक झालं की पुढची चार वर्षं कॉलेज. म्हणजे आज ज्या वर्गाला आपण बारावी म्हणतो, ते वर्ष तेव्हा खरोखरच कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, विद्यापीठाच्या हाताखालचं. आपला जिल्हा त्या वेळी नागपूर विद्यापीठाकडे होता, अमरावती विद्यापीठ झालं १९८३ साली. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावी पहिल्यांदा १९७५ साली झाली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली. एकूण वर्षं पंधराच राहिली, पण कॉलेजातलं एक वर्ष उचलून शाळेच्या बाजूला आणून ठेवलं. ते बऱ्याच ठिकाणी शाळेच्या इमारतीतच आलं.

हा बदल करताना मुलींचा विचार फारसा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण परिणाम मुलींवर झाला आणि तो चांगला झाला. जे वर्ष शिकायला पूर्वी अकोल्याला नाही तर अमरावतीला खोली करून राहावं लागलं असतं, ते वर्ष गावाच्या शाळेत आलं. ज्या बापाने मुलीला ‘कॉलेजला’ कधीच पाठवलं नसतं, त्याने तिला ‘त्याच शाळेत अजून दोन वर्षं’ पाठवलं. मी ज्या गावांत काम करते तिथे हा फरक रोज दिसतो. शाळेच्या आवारात अकरावी असेल तर दहावीनंतर मुली पुढे जातात. ती दुसऱ्या गावी असेल तर पहिला प्रश्न एस.टी.चा येतो, दुसरा ‘लोक काय म्हणतील’ याचा येतो, आणि तिसरा प्रश्न यायच्या आत सोयरीक येते.

शब्दांची गंमत पाहा. घरी परवानगी मागायची असते तेव्हा मी कधी ‘कॉलेज’ म्हणत नाही. ‘शाळाच आहे काका, अकरावीचा वर्ग आहे’ म्हणते. कॉलेज म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं कॉलेज येतं. मात्र तीच मुलगी पाहायला पाहुणे आले की तोच बाप ऐटीत सांगतो, “पोरगी कालेजात हाय.” तिला अडवायचं असेल तेव्हा ते कॉलेज वाईट, आणि तिला उजवायचं असेल तेव्हा तेच कॉलेज चांगलं! या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून आपल्या मुली शिकत आल्या आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येते. मुलगी दहावी होते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असते. बारावी होते तेव्हा सतरा-अठरा. लग्नाचं कायदेशीर वय अठरा. १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झालं आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने त्याला दात दिले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शंभरात बावीस. इथे समोर किती मुली बसल्या आहेत, मनातल्या मनात मोजा.

ज्यांची लग्नं अठराच्या आत होत नाहीत त्यांचीही अठरा पूर्ण झाल्या झाल्या होतात. कायद्याने जे किमान वय ठरवलं, तेच आपल्याकडे कमाल वय होऊन बसलं आहे. आणि पदवी हातात पडते विसाव्या-एकविसाव्या वर्षी. मधली तीन वर्षं म्हणजे ओढ्यावरचा मोडका पूल. खूप मुली तिथून माघारी फिरतात.

एका गावातली मुलगी सांगते. नाव सांगणार नाही. अकरावीत होती, गणित चांगलं. घरी सोयाबीन, थोडी तूर, आणि दोन धाकटे भाऊ. आई मला म्हणाली, “बाई, बारावी करू दे तिले. त्याच्यापुढं काही माह्या हातात नाही. तिच्या बापानं पाव्हन्याले शबुद देला.” मी समजावत होते, वयाचा कायदा सांगत होते. ती पोरगी चुलीपाशी बसून ऐकत होती. आई पाणी आणायला उठली तेव्हा ती मला म्हणाली, “ताई, बाबा ऐकणार नाहीत. माझ्याकडे दोन वर्षं आहेत. दोन वर्षांत काय काय बसतं, तेवढं सांगा.”

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला पंचवार्षिक योजना शिकवल्या होत्या. या मुलीने मला द्विवार्षिक योजना मागितली. तिने रडणं-भांडणं बाजूला ठेवून हिशोब मांडला होता: वेळ इतका आहे, त्यात जास्तीत जास्त काय मिळवू? तेव्हापासून मी हा प्रश्न घेऊन फिरते आहे. शिक्षण खात्यातल्या माणसांना विचारलं, कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारलं. बहुतेकांचं उत्तर, “आधी बारावी तर होऊ द्या.” ज्याच्याकडे वेळ आहे त्याचं हे उत्तर आहे.

तर दोन वर्षांत काय काय बसतं? मला जेवढं सापडलं तेवढं सांगते.

पहिली वाट सगळ्यांत जुनी आहे आणि तिच्याकडे मुलींच्या बाबतीत फार कमी पाहिलं जातं. ती म्हणजे तंत्रनिकेतन, आपण पॉलिटेक्निक म्हणतो ते. दहावीनंतर थेट प्रवेश आणि तीन वर्षांची पदविका. म्हणजे जिच्या मैत्रिणी अकरावीच्या बाकावर आहेत, ती त्याच वयात कॉलेजात इंजिनीअरिंगचे विषय शिकते. अठरा-एकोणीसच्या वयात पदविका हातात पडते, आणि पुढे शिकायचं असेल तर इंजिनीअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. अमडापूरच्या रस्त्याने एका अंगाला चिखली लागते, दुसऱ्या अंगाला खामगाव. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. ‘पोरीच्या जातीला मशीनचं काय’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, शिलाई मशीन काय आहे? तिथे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्ससारख्या शाखांचंही शिक्षण मिळतं. प्रवेशाच्या वेळी कोणत्या शाखा चालू आहेत ते चौकशी करूनच ठरवायचं. एक सावधगिरी मात्र ठेवा. काही भरत्यांना, काही अभ्यासक्रमांना बारावीच मागतात. तिकडे जायचं मनात असेल तर पदविका चालते का, हे आधी विचारून घ्यायचं, आणि तेही लेखी.

दुसरी वाट नवी आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली एक पदवी घरबसल्या शिकण्यासाठी सुरू केली, माहिती-विज्ञानाची. तिची अट पाहून मी थक्क झाले. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेली मुलगी अर्ज करू शकते. आधी चार आठवड्यांचा अभ्यास, मग पात्रता परीक्षा. ती पार पडली की जागा राखून ठेवली जाते आणि बारावी झाल्यावर वर्ग सुरू होतात. आय.आय.टी. म्हटलं की आपल्याला कोटा नाही तर लातूरचे क्लास आठवतात, लाखांची फी आठवते. इथे ती चाळणी नाही. पात्रता परीक्षा मात्र आहे, दहावीला गणित आणि इंग्रजी असायला हवं, शिकवणं इंग्रजीत आहे आणि शुल्कही आहे. गरीब आणि मागास घटकांना शुल्कात सवलत आहे. सोपं नाही. पण सतराव्या वर्षी, आपल्या घरी बसून, विद्यापीठाच्या पातळीचा चार आठवड्यांचा अभ्यास केला आणि आपल्याला तो झेपला, हे ज्या मुलीला कळलं ती पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी नेताना वेगळ्या मानेने नेते.

तिसरी गोष्ट सरकारी कागदावरची. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आलं. २०२१ साली ‘श्रेयांक बँक’ निघाली, म्हणजे तुम्ही जे शिकाल त्याचे गुण बँकेतल्या पैशासारखे खात्यात जमा. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात शाळेचं शिक्षणही धरलं आहे. वर्षाला १२०० तास शिकणं, त्याचे ४० श्रेयांक. तीस तासांना एक. कागद वाचताना मला फार आनंद झाला. कारण या आराखड्यात शाळा आणि कॉलेज यांच्यातली भिंत पातळ केलेली आहे. ‘स्वयम्’ नावाचं केंद्र सरकारचं शिक्षणाचं दालन २०१७ पासून आहे, तिथले पाठ फुकट ऐकता येतात, परीक्षेला शुल्क पडतं. तर बारावीतल्या मुलीने तिथला पदवीच्या पातळीचा एखादा विषय पुरा केला, तर पुढे प्रथम वर्षाला तो तिच्या खात्यात धरावा. एवढी साधी गोष्ट. पण आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात जाऊन हे विचारलं की काय होतं? मी एका ठिकाणी विचारलं. लिपिकाने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही कुठून आलात?”

हे काही जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा केला, की हायस्कुलातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजचे विषय घेऊ शकेल आणि त्याचा खर्च राज्य उचलेल. आज तिथे हे सर्वत्र पसरलं आहे. २०२२-२३ या वर्षात सुमारे पंचवीस लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी कॉलेजचा निदान एक विषय घेतला होता. तिथलीही कथा आपल्यासारखीच: ज्यांचे आईबाप शिकलेले त्यांना या सोयीची खबर आधी लागते. काळ्या आणि गरीब घरांतली मुलं त्यात कमी पडतात. सोय सगळ्यांसाठी असली तरी ती पोचते कुणाला, हे पाहिलं नाही तर तीच सोय दरी वाढवते.

आपल्याकडे ही दरी वाढलीच आहे. विज्ञान शाखेत काय चालतं ते इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. नाव गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, आणि मुलगा अकोल्याला नाही तर लातूरला क्लासमध्ये. पट भरलेला आणि वर्ग रिकामा. २०१८ साली शासनाने बोटाच्या ठशाची हजेरी सक्तीची केली, ती याच कारणासाठी. आता बघा, क्लासला पाठवायला पैसे लागतात, आणि बहुतेक घरांत ते मुलावर खर्च होतात. मग गावच्या वर्गात खरोखर कोण येऊन बसतं? मुली बसतात. गरिबांच्या मुली. पंधरा-वीस मुली समोर बसलेल्या असतात आणि शिक्षक म्हणतात, “पोरं नाहीत, कुणाला शिकवू?” मी हे एका गावात कानांनी ऐकलं आहे. समोर मुली होत्या! मुलं गावाबाहेर जाऊन शिकली आणि मुली गावात राहून शिकवणीवाचून राहिल्या. शाळेत कॉलेज येणं ही मुलींची मोठी कमाई होती, ती अशी हळूहळू पोकळ होते आहे. इथे बसलेल्या सर-मॅडमना माझी विनंती आहे, तो रिकामा दिसणारा वर्ग रिकामा नसतो.

आणि कला शाखेची गत तर सांगायलाच नको. जूनमध्ये नाव घालायचं, सोयाबीन सोंगायला जायचं, कापूस वेचायला जायचं, आणि फेब्रुवारीत परीक्षेला उगवायचं. ते जमलं नाही तर १७ नंबरचा फॉर्म. मी त्या फॉर्मला नावं ठेवत नाही. त्या एका फॉर्मने कितीतरी बाया लेकरं मांडीवर घेऊन बारावी झाल्या. २०२३ पासून अंगणवाडी सेविकेला किमान बारावी लागते. तेव्हा १७ नंबरच्या फॉर्मची किंमत अनेक सासवांनाही कळली.

बाहेरून शिकण्याची वाट आपल्या राज्यात नवी नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. बारावी न झालेल्या प्रौढ बायांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसण्याची सोय त्याने काढली आणि घराघरांतल्या बाया बी.ए. झाल्या. रविवारी केंद्रावर येणाऱ्या त्या बायांच्या पिशवीत पुस्तकासोबत भाकरीही असे. त्याच वेळी एक कडू गोष्टही सांगून ठेवते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात निकाल दिला, की आधीची पायरी गाळून मुक्त विद्यापीठातून मिळवलेली वरची पदवी ग्राह्य नाही. म्हणून मी मुलींना सांगते, बारावी गाळू नका. मी जे मागते आहे ते पायरी गाळणं नाही. एका पायरीवर उभं असताना वरच्या पायरीवर हात ठेवणं आहे.

एस.टी.चा हिशोब करून पाहा म्हणजे माझं म्हणणं पटेल. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे, तो बारावीपर्यंत. बारावी संपली की पास संपतो. तीच मुलगी, तीच गाडी, तोच चिखलीचा रस्ता, तोच कंडक्टर. पण जूनमध्ये ती प्रथम वर्षाला गेली की पैसे पडतात. सवलतीचा पास असतो, बायांना २०२३ पासून अर्धं तिकीटही आहे, मान्य. पण ‘फुकट’ आणि ‘थोडे पैसे’ यांतलं अंतर गरिबाच्या घरात फार मोठं असतं, कारण थोडे पैसे म्हटलं की कुणासाठी, हा प्रश्न उठतो. २०२१-२२ च्या संपात गाड्या महिनोन्‌महिने बंद होत्या, तेव्हा मुलांनी मोटारसायकली काढल्या आणि मुली घरी बसल्या. फीची बाजू सरकारने पुष्कळ सावरली आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण तिथवर पोचायला आधी मधली ती पायवाट पार व्हावी लागते. म्हणून म्हणते, पास फुकट आहे, शाळा गावात आहे, बाप ‘शाळाच तर आहे’ म्हणून सोडतो आहे, तोवर कॉलेजचं जेवढं म्हणून आत ओढता येईल तेवढं ओढून घ्यावं.

आता कुणी म्हणेल, ताई, पोरींवर किती ओझं टाकता? शाळा, त्यात कॉलेजचा विषय, त्यात घरचं काम. हा आक्षेप खरा आहे, फक्त तो चुकीच्या ठिकाणी ठेवला जातो. पहाटे पाण्याला, मग भाकरीला, मग शाळेत, संध्याकाळी पुन्हा भांड्यांना जाणाऱ्या मुलीचं ओझं कमी करायचं ठरवलं की आपण सर्वांत आधी पुस्तक काढून घेतो. भांडी तशीच ठेवतो. भावाच्या हाती एक दिवस भांडी देऊन पाहा. दुसरं म्हणजे मोबाईल. हे सगळं ‘स्वयम्’ आणि आय.आय.टी. मोबाईलवर चालतं, आणि घरातला मोबाईल भावाच्या खिशात असतो. मुलीच्या हातात मोबाईल दिसला की घर हादरतं. मी बापांना म्हणते, रोज संध्याकाळी एक तास, तुमच्या समोर, तुमच्या ओसरीवर बसून तिला ऐकू द्या. तुम्हीही ऐका. एका बापाने खरंच ऐकलं. पंधरा दिवसांनी मला म्हणाला, “बाई, मले काही समजलं नाही, पन त्या मास्तरनीनं कोनाले शिवी नाही देली.” म्हटलं, चला, एवढं तरी!

आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या आहोत. ताराबाई शिंदे इथल्याच. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ छापली आणि साऱ्या पुरुषवर्गाला जाब विचारला. त्या कुठल्या कॉलेजात गेल्या होत्या? वडिलांनी घरी शिकवलं, तेवढंच. म्हणजे या मातीत शाळेच्या वेळापत्रकाची वाट न पाहता शिकलेली बाई होऊन गेली आहे. मला ताराबाईंच्या विद्वत्तेइतकंच त्यांच्या वडिलांचं नवल वाटतं. सरकारी कचेरीतला माणूस, घरी येऊन मुलीला शिकवत होता.

त्या हिशोबी मुलीचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारालच. तिने दोन वर्षांत बारावी केली. एम.एस.-सी.आय.टी. केलं. चार आठवड्यांचा तो गणिताचा अभ्यास केला, पात्रता परीक्षेत थोडक्यात राहिली. अठरा पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी तिचं लग्न झालं. ते मला आवडलं नाही आणि मी तसं तिच्या वडिलांना सांगितलं. पण ती सासरी गेली तेव्हा तिने एक गोष्ट केली, ती मी तुम्हा प्रत्येकीला करायला सांगते. दहावी-बारावीची मार्कशीट, टी.सी., जातीचा दाखला, सगळे मूळ कागद तिने स्वतःच्या पेटीत नेले, आणि आधारावरचं नाव बदललं नाही. सासूने विचारलं तर म्हणाली, “बोर्डाला चालत नाही.” बोर्डाने असं काही सांगितलेलं नाही, पण बोर्डाचं नाव घेतलं की घरातली माणसं गप्प बसतात! लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. आणि बदललं की मार्कशीटवर एक नाव, आधारावर दुसरं, श्रेयांक बँकेच्या खात्यावर तिसरं, अशी गुंतागुंत होते आणि ती सोडवायला पुन्हा चिखलीला खेटे. या जूनमध्ये तिने बाहेरून प्रथम वर्षाचा अर्ज भरला. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली, कारण कागद तिच्याजवळ होते.

मला मुख्याध्यापकांशी आणि इथल्या शिक्षकांशी आणखी एक बोलायचं आहे. तुमच्या शाळेत संगणकाची खोली आहे, आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर ती दोन तास उघडी ठेवा. अकरावी-बारावीच्या ज्या मुलींना वरचा एखादा विषय ऐकायचा आहे त्यांनी तिथे बसावं. एक शिक्षिका सोबत असावी. घरी मोबाईल मिळत नाही, पण ‘शाळेत जादा तास आहे’ म्हटलं की सोडतात. आणि त्या मुलींनी पुरा केलेला विषय पुढे धरला जाईल का, हे प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाला लेखी विचारा. आमची संघटना अर्जाचा मसुदा करून देईल. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारू. दहा शाळांतून दहा अर्ज गेले तर कुणीतरी फाईल उघडेल.

बोलणं लांबलं, गाड्यांची वेळ झाली आहे. दहावीच्या ज्या मुलींना पॉलिटेक्निकची माहिती हवी आहे त्यांनी या डाव्या बाजूला थांबा. अकरावी-बारावीच्या मुलींनी उजवीकडे. ज्यांनी आधार कार्ड आणि शाळेचा दाखला आणला आहे त्यांचं नाव, जन्मतारीख जुळते का, तेवढं आज पाहून घेऊ. उंद्रीकडच्या मुली आधी या, तुमची गाडी लवकर आहे. आयांनो, तुम्हीही थांबा, चहा ठेवला आहे.